हिमालयात भारतीय भूपट्टाची सीमा नेमकी कोठे आहे?

शिलालेख (धागाकर्ता)

भूपट्टांच्या नकाशात हिमालयावरून एकच जाड रेघ ओढलेली असते. रेघेच्या दक्षिणेला भारतीय भूपट्ट, उत्तरेला युरेशियन भूपट्ट. ही रेघ मी अनेक वर्षे प्रश्न न विचारता मान्य केली होती. पुढे उत्तराखंडात आणि लडाखमध्ये खडक पाहत हिंडताना जिच्यावर बोट ठेवून 'ही पाहा सीमा' असे म्हणता येईल, अशी एक जागा मला सापडली नाही. सापडल्या त्या पाच जागा. त्यांपैकी दोन टोकांच्या जागांमध्ये दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर आहे आणि तरीही प्रत्येकीला सीमा म्हणवून घेण्याचा काही ना काही हक्क आहे. त्या पाच जागांविषयी आणि त्यांना जमिनीखाली जोडणाऱ्या एका पृष्ठभागाविषयी लिहावे म्हणून हा धागा काढत आहे.

सुरुवात मोहंडपासून करतो. सहारनपूरहून डेहराडूनला जाणारा रस्ता मैदान सोडून शिवालिकच्या टेकड्यांत शिरतो, तेथे हे गाव आहे. टेकड्यांचा खडक म्हणजे वालुकाश्म आणि गोलसर गोट्यांनी भरलेला पिंडाश्म, म्हणजे हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांनीच गेल्या काही दशलक्ष वर्षांत टाकलेला गाळ. गाळ साचतो तो आडवा. येथे मात्र रस्त्याच्या कडेला त्याचे थर उत्तरेकडे तिरके उतरताना दिसतात. टेकडीच्या पायथ्याशी जमिनीत शिरणारा एक भ्रंश आहे, म्हणजे ज्याच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात असा खडकातील तडा. त्याच्यावरून हे थर मैदानाच्या दिशेने वर सरकत आले आणि सरकताना त्यांची वली पडली. ती वली म्हणजेच ही टेकडी. ज्या कमी उताराच्या भ्रंशावर वरचा खडक खालच्या खडकावर चढत जातो, त्याला भूवैज्ञानिक थ्रस्ट म्हणतात आणि मोहंडच्या या भ्रंशाला मेन फ्रंटल थ्रस्ट. हिमालय आज येथे वाढत आहे. शिखरांकडे पाहून हे लक्षात येत नाही, पण पर्वताची सर्वांत तरुण आणि सर्वांत क्रियाशील कड ही पायथ्याची, उसाच्या शेतांना लागून असलेली कड आहे.

डेहराडून ओलांडून मसुरीच्या पायथ्याशी राजपूरकडे गेले की दुसरी जागा येते, मेन बाउंडरी थ्रस्ट. येथे कोट्यवधी वर्षे जुने चुनखडक आणि फायलाइट हे शिवालिकच्या तरुण गाळाच्या वर बसलेले आहेत. जुना खडक वर आणि नवा खाली हा उलटा क्रम थ्रस्टशिवाय होत नाही. येथे जास्त रेंगाळत नाही, कारण मला ज्या जागेने खऱ्या अर्थाने थांबवले ती याच्या बरीच उत्तरेला आहे.

अलकनंदेच्या दरीत पिपलकोटी सोडून जोशीमठकडे निघाल्यावर हेलंग लागते. या परिसरात मेन सेंट्रल थ्रस्ट आहे. भूवैज्ञानिक बोलताना त्याला एमसीटी म्हणतात. स्विस भूवैज्ञानिक आर्नोल्ड हाइम आणि ऑगस्टो गान्सर यांनी १९३६ च्या मोहिमेनंतर त्याला हे नाव दिले. भ्रंश म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक फट किंवा तडा येतो. येथे तडा नाही. कित्येक किलोमीटर जाडीचा असा एक पट्टा आहे, ज्यातील सगळा खडकच घासून, ताणून, पिळून निघालेला आहे. खडक इतका तापलेला होता की तो तुटला नाही, घट्ट मळलेल्या कणकेसारखा वाहिला. नाइस या पट्टेदार रूपांतरित खडकातील फेल्डस्पार या खनिजाचे मोठे स्फटिक डोळ्यांच्या आकाराचे झाले आहेत आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना बारीक शेपट्या निघाल्या आहेत. त्या शेपट्यांची मांडणी नीट पाहिली, तर वरचा खडक दक्षिणेकडे सरकला हे उघड्या डोळ्यांनी वाचता येते. दोन कोटी वर्षांपूर्वीच्या हालचालीची दिशा तळहातावर मावणाऱ्या दगडात लिहिलेली आहे, हे पहिल्यांदा उमगले तेव्हा मी तो दगड बराच वेळ खाली ठेवू शकलो नव्हतो.

या पट्ट्यात आणखी एक विलक्षण गोष्ट आहे. पृथ्वीत खोल गेल्यावर तापमान वाढते, म्हणून जास्त तापलेले रूपांतरित खडक खाली आणि कमी तापलेले वर असावेत. एमसीटीच्या परिसरात दरीतून वर चढत जावे तसे याच्या उलट होत जाते. आधी बायोटाइट, मग गार्नेट, त्याच्या वर कायनाइट आणि आणखी वर सिलिमनाइट, अशी क्रमाने वाढत्या तापमानाला तयार होणारी खनिजे असलेले खडक भेटतात. म्हणजे वर जाल तसा अधिक भाजलेला खडक. खोलवरचा तप्त खडक थंड खडकावर चढवला गेला आणि सरकताना दोघांमधली तापमानाची उतरंडही ताणली, उलटली गेली, याची ही खूण आहे.

जोशीमठहून धौलीगंगेच्या दरीने मलारीकडे गेले की चौथी जागा येते. तिच्याविषयी कोणी विचारले तर प्रतिसादांत सविस्तर लिहीन, कारण तिची हालचाल बाकी सगळ्यांच्या उलट आहे. पाचवी जागा पाहण्यासाठी लडाखला जावे लागते. सिंधूच्या खोऱ्यात, लेहच्या परिसरात आणि आग्नेयेला निदरपर्यंत, टेथिस समुद्राच्या तळाचे तुकडे सापडतात: काळपट हिरवे सर्पेंटिनाइट, उशांच्या आकाराचे लाव्हाचे गोळे, खोल समुद्रातील चर्ट. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी हा समुद्र मिटला आणि दोन खंड भिडले. त्या सांध्याला सिंधू–त्सांगपो शिवण म्हणतात. शिवण हा शब्द मला फार आवडतो, कारण ती खरोखर दोन वेगळ्या कापडांची शिवण आहे. उत्तरेला लडाखचा ग्रॅनाइट आहे, जो समुद्रतळ युरेशियाखाली जात असताना वितळून वर आलेल्या शिलारसाचा बनला. दक्षिणेला भारताच्या जुन्या किनाऱ्यावर साचलेले गाळाचे खडक आहेत.

आता या जागा एकत्र बांधणारी गोष्ट. फ्रंटल, बाउंडरी आणि सेंट्रल हे तीनही थ्रस्ट उत्तरेकडे जमिनीत उतरतात आणि खोलवर एकाच पृष्ठभागात मिळतात, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याचे नाव मेन हिमालयन थ्रस्ट. मोहंडजवळ तो जमिनीवर येतो, काही किलोमीटर खोलीवर जवळजवळ आडवा होतो, बाह्य आणि लघु हिमालयाखालून अवघ्या काही अंशांच्या उताराने जातो, उंच शिखरांच्या अलीकडे अधिक तीव्र उतार घेतो आणि पुढे तिबेटखाली शिरतो. त्याच्या खाली भारत आहे. त्याच्या वर जे काही आहे, डेहराडून, नैनिताल, काठमांडू, तेही मूळचे भारताच्याच कवचाचे, पण सोलून वर काढलेले आणि स्वतंत्रपणे दक्षिणेकडे ढकलले जाणारे. सीमा रेघेत नसून या तिरक्या पृष्ठभागात आहे आणि लक्षावधी लोक तिच्या शेजारी नव्हे, तिच्या वर राहतात, असे मला वाटते. आपले मत अवश्य मांडावे.

भूगोलशिक्षिका

लेख दोनदा वाचला. मी नववी-दहावीला भूगोल शिकवते आणि तीच एक रेघ दरवर्षी फळ्यावर काढते, म्हणून मन थोडे अस्वस्थ झाले. दोन प्रश्न आहेत. मोहंडची टेकडी दिसते, पण पंधरा-वीस किलोमीटर खोलीवरचा जवळजवळ आडवा पृष्ठभाग कोणी पाहिला? आणि हालचाल एका थ्रस्टवरून दुसऱ्यावर, तीही नेहमी दक्षिणेकडेच, का सरकत गेली? मुले हा दुसरा प्रश्न नक्की विचारतील.

शिलालेख

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अनेक वाटांनी मिळते आणि त्या वाटा एकमेकींना दुजोरा देतात. १९९० च्या दशकात तिबेटमध्ये इन्डेप्थ नावाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प झाला. त्यात जमिनीवर स्फोट घडवून त्यांच्या लहरी खोलवरून कशा परावर्तित होतात हे नोंदवले गेले. दक्षिण तिबेटखाली तीस-चाळीस किलोमीटर खोलीवर उत्तरेकडे हळूहळू उतरणारा एक ठळक परावर्तक दिसला. दुसरी वाट भूकंपांची आहे. उंच हिमालयाच्या पायथ्याशी, शिखरांच्या किंचित दक्षिणेला, लहान भूकंपांची एक पट्टी नेपाळभर पसरलेली आहे आणि ते भूकंप मुख्यतः १० ते २० किलोमीटर खोलीवर होतात. तिसरी वाट जीपीएसची. मैदानातील आणि तिबेटमधील स्थानकांची तुलना केली, तर हिमालयाच्या रुंदीत दरवर्षी सुमारे १८ ते २० मिलिमीटर अंतर कमी होत आहे असे दिसते. मात्र पायथ्यापासून उत्तरेकडे साधारण शंभर किलोमीटरपर्यंतची स्थानके एकमेकांच्या तुलनेत फारशी हलत नाहीत. याचा अर्थ तेवढ्या रुंदीत तो पृष्ठभाग सध्या घट्ट अडकलेला आहे आणि त्याच्या पलीकडे, जेथे खडक सुमारे ३५० अंश सेल्सिअसच्या वर तापलेला आहे, तेथे तो सतत, बिनआवाज सरकत आहे.

आणखी एक वाट मला सर्वांत सुंदर वाटते. नेपाळच्या शिवालिकमधून बागमती नदी टेकडी कापत वाहते. नदीच्या दोन्ही काठांवर तिने पूर्वी वाहताना कोरलेल्या सपाट पायऱ्या आहेत. ज्या पायऱ्या कधी काळी नदीच्या पात्राला समांतर होत्या, त्या आज टेकडीच्या वलीबरोबर वर उचलून वाकलेल्या दिसतात. त्या गाळातील कोळशाचे वय काढून आणि उचल मोजून लावे आणि आवूआक या फ्रेंच अभ्यासकांनी २००० साली दाखवले, की गेल्या काही हजार वर्षांत फ्रंटल थ्रस्टवरून दरवर्षी सरासरी सुमारे २१ मिलिमीटर सरक झाली आहे. उपग्रहाने काही वर्षांत मोजलेला वेग आणि नदीने हजारो वर्षांत लिहून ठेवलेला वेग जवळजवळ सारखेच निघतात. म्हणजे अडकून साठलेले जवळजवळ सगळे अंतर शेवटी पायथ्याशीच बाहेर पडते.

दुसऱ्या प्रश्नासाठी मुलांना खळे आठवायला सांगा. मळणीनंतर पसरलेले धान्य लाकडी फळीने ढकलत गोळा करतात, तेव्हा फळीपुढे ढीग तयार होतो. तो वाटेल तितका उभा होत नाही. ठरावीक उतार आला की ढिगाची उंची वाढायची थांबते आणि पुढच्या कडेला नवे धान्य उचलले जाऊन ढीग पुढे पसरतो. डेव्हिस, सप्पे आणि डालेन यांनी १९८३ मध्ये पर्वतांसाठी हेच गणित मांडले. पर्वत म्हणजे ढकलला जाणारा पाचरीच्या आकाराचा ढीग. पाचर पुरेशी जाड झाली की ती तळावरून अख्खी सरकते आणि तिच्या पुढच्या टोकाशी खालच्या भूपट्टाचा नवा काप सोलून आत घेतला जातो. सेंट्रल थ्रस्टची मुख्य हालचाल सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीची, बाउंडरीची सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीपासूनची आणि फ्रंटलची त्याहूनही अलीकडची. फळ्यावर एका रेघेऐवजी एक पाचर काढली आणि तिच्या तळाला सीमा म्हटले, तरी मुलांना पुरेसे कळेल.

पाऊलवाट

मी भूविज्ञानाचा विद्यार्थी नाही, हिमालयात पायी फिरणारा आहे. मुक्तिनाथला गेलो असताना काली गंडकीच्या पात्रातून एक शाळिग्राम आणला होता. आमच्या देवघरात आजीच्या काळापासूनचाही एक आहे. त्यातील चक्र म्हणजे समुद्री प्राण्याचा जीवाश्म असे तेथे कोणीतरी सांगितले होते. समुद्राचा तळ मिटून पर्वत झाला हे समजते, पण मला न सुटलेले कोडे असे: तुमच्या वर्णनानुसार उत्तरेकडे जाताना खडक अधिकाधिक खोलवरून आलेले, अधिक भाजलेले असावेत. मग शिखरांच्याही पलीकडे मुक्तिनाथला जीवाश्म शाबूत राहिलेला कच्चा शेल कसा? भाजून निघालेल्या खडकात ते चक्र उरले नसते.

शिलालेख

आपण न कळत चौथ्या जागेवरच बोट ठेवले आहे. शाळिग्रामातील चक्र म्हणजे अमोनाइट. ज्युरासिक काळात भारताच्या उत्तर किनाऱ्यालगतच्या समुद्रात साचलेल्या चिखलात तो रुतला आणि त्या चिखलाचा पुढे स्पिती शेल नावाचा काळा खडक झाला. आपल्या देवघरातील तो दगड म्हणजे भारतीय भूपट्टाच्या बुडालेल्या किनाऱ्याचा तुकडा आहे.

आता कोडे. अन्नपूर्णा, मनास्लू, एव्हरेस्ट यांच्या दक्षिण उतारांवर सिलिमनाइट असलेले नाइस आहेत. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी अंशतः वितळून त्यांच्यातून फिकट रंगाचा ग्रॅनाइट निघाला, इतके ते तापले होते. एव्हरेस्टचा माथा मात्र ऑर्डोव्हिशियन काळातील, म्हणजे चाळीस कोटी वर्षांहूनही जुन्या चुनखडकाचा आहे आणि त्यात ट्रायलोबाइट व समुद्रकमळांचे अवशेष सापडले आहेत. खूप तापलेला खडक आणि जेमतेम तापलेला खडक एकाच पर्वतावर, थोड्याच उंचीच्या फरकाने, एकमेकांना भिडलेले आहेत. मधला कित्येक किलोमीटर जाडीचा खडक नाहीसा आहे. थर नाहीसा होतो तो वरचा भाग घसरून खाली गेल्याने, म्हणजे 'सामान्य भ्रंश' (नॉर्मल फॉल्ट) म्हणतात त्या, ताणाने होणाऱ्या भ्रंशाने. हा भ्रंश उत्तरेकडे हलका कललेला आहे आणि त्याच्यावरचा भाग उत्तरेकडे, तिबेटच्या दिशेने, घसरला. १९८० च्या दशकात तिबेटच्या बाजूने झालेल्या अभ्यासांनंतर तो साउथ तिबेटन डिटॅचमेंट या नावाने ओळखला जाऊ लागला. कुमाऊँच्या खडकांचे आयुष्यभर वाचन केलेल्या डॉ. खड्गसिंह वल्दिया यांनी आपल्या भागातील या भ्रंशाला ट्रान्स-हिमाद्री भ्रंश असे नाव दिले. मलारीला तो दिसतो.

दोन खंड भिडत असताना, सगळे आकुंचन पावत असताना, ताणाचा भ्रंश कसा, हा स्वाभाविक पुढचा प्रश्न. सेंट्रल थ्रस्ट आणि हा डिटॅचमेंट साधारण एकाच काळात क्रियाशील होते, हे येथे निर्णायक आहे. खाली दक्षिणेकडे सरकणारा तळ, वर उत्तरेकडे घसरणारे छत आणि या दोघांच्या मधून बाहेर पिळला जाणारा तप्त, मऊ खडक अशी रचना होते. बोमाँ आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात तिबेटखालचे अर्धवट वितळलेले मधले कवच वरच्या पठाराच्या वजनाने दाबले जाऊन, पावसाने झिजणाऱ्या दक्षिण उताराकडे वाहत आले असे दाखवले आहे. काही अभ्यासक ते वाहणे मान्य न करता घट्ट पाचरीसारखा भाग वर आला असे मानतात. मला स्वतःला वाहण्याची कल्पना अधिक पटते, कारण अलकनंदेच्या आणि धौलीगंगेच्या दरीत त्या नाइसच्या वळ्या पाहिल्यावर तो खडक घट्ट होता यावर विश्वास बसत नाही. तरी सर्व दऱ्यांना एकच उत्तर लागू असेल असे मी म्हणणार नाही.

दगडगोटे

क्षेत्रकामात काही वर्षे घालवलेला एक भूवैज्ञानिक म्हणून दोन आक्षेप नोंदवतो. पहिला लहान आहे. एमसीटी 'हेलंगच्या परिसरात आहे' हे विधान सावध आहे, पण वाचकांना हेही कळावे की तेथे एक नव्हे, दोन भ्रंश दाखवले जातात. खालचा मुन्सियारी थ्रस्ट आणि वरचा वैकृता थ्रस्ट. वल्दिया वरच्याला खरा एमसीटी मानत. इतर काही जण खालच्याला मानतात. व्याख्या खडकाच्या प्रकारावर करायची, खनिजांवर करायची की पिळवटलेल्या पट्ट्यावर करायची, यावर नकाशावरील रेघ कित्येक किलोमीटर सरकते.

दुसरा आक्षेप मूळ मुद्द्यावर आहे. भूपट्टाची सीमा म्हणजे दोन भूपट्टांचा सांधा, आणि तो सांधा सिंधू–त्सांगपो शिवणीवर आहे. मोहंडच्या वरचा आणि खालचा, दोन्ही खडक भारताचेच. भारताच्या आत असलेल्या भ्रंशाला भारताची सीमा म्हणणे मला तर्काला धरून वाटत नाही. घराच्या अंगणात भिंत पडली म्हणून गावाची शीव अंगणात येत नाही.

शिलालेख

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. मी 'परिसरात' हा शब्द त्याच कारणाने वापरला होता, पण कारण सांगायला हवे होते.

दुसऱ्यावर मात्र माझे मत कायम आहे. 'हा खडक मूळचा कोणाचा' आणि 'हा खडक आज कोणाबरोबर हलतो' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर शिवण देते आणि ते उत्तर कधीच बदलणार नाही. पण भूपट्ट ही संकल्पनाच हालचालीवर उभी आहे. भूपट्ट म्हणजे एकसंधपणे हलणारा तुकडा. मसुरीचा चुनखडक जन्माने भारतीय आहे, पण हजारो वर्षांचा हिशेब केला तर तो दिल्लीबरोबर हलत नाही. दिल्ली त्याच्याखाली सरकत जाते. त्या अर्थाने त्याने भूपट्ट बदलला आहे. शिवण ही पाच कोटी वर्षांपूर्वीची सीमा आहे, एमसीटी दोन कोटी वर्षांपूर्वीची आणि मोहंड आजची. आपल्याच दृष्टान्तात बोलायचे तर गावाची शीव नदीने ठरवली असेल आणि नदीने पात्र बदलले, तर जुन्या पात्रातील वाळू शीव राहत नाही.

तरीही माझ्या उत्तरातील एक उणीव मीच सांगतो. भारत युरेशियाच्या दिशेने दरवर्षी सुमारे चार सेंटिमीटर सरकत आहे आणि त्यातील जवळपास निम्मेच अंतर हिमालयात मिटते. उरलेले तिबेटच्या पठारात, काराकोरमसारख्या आडव्या सरकणाऱ्या भ्रंशांवर आणि थेट तिएनशान पर्वतापर्यंत वाटले जाते. त्यामुळे मेन हिमालयन थ्रस्ट ही सीमेची दक्षिण कड आहे, हे म्हणणे अधिक काटेकोर ठरेल. सीमा म्हणजे मोहंडपासून मध्य आशियापर्यंतचा रुंद पट्टा आणि या पट्ट्यात सर्वांत वेगाने हालचाल होणारा एकमेव पृष्ठभाग म्हणजे हा थ्रस्ट.

दगडगोटे

'जन्माने भारतीय, हालचालीने नव्हे' ही मांडणी स्वीकारायला हरकत नाही. माझा आग्रह इतकाच, की विद्यार्थ्यांना शिवणही दाखवावी. तिच्याशिवाय समुद्र मिटल्याचा पुरावाच हातात राहत नाही. लडाखमधील त्सो मोरिरी सरोवराच्या परिसरात भारताच्या कडेचा जो खडक आहे, त्यात कोएसाइट हे खनिज सापडले आहे. ते क्वार्ट्झचेच अतिदाबाखालचे रूप असून त्यासाठी सुमारे नव्वद किलोमीटर किंवा त्याहून अधिक खोली लागते. भारताची कड तेवढी खोल बुडून पुन्हा वर आली, हे त्या खनिजाशिवाय कोणी मानले नसते.

माणदेशी

चर्चा फार चांगली चालली आहे. माझा प्रश्न आपल्या महाराष्ट्रापुरता आहे. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होतो. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट विसरता येत नाही. त्या वेळी अनेकांनी सांगितले की भारतीय भूपट्ट हिमालयाला धडकतो म्हणून हे झाले. सीमा जर मोहंडला आहे, तर हजार किलोमीटरहून दूर किल्लारीला त्याचा संबंध कसा? आणि कोयनेचे काय?

शिलालेख

संबंध आहे, पण सीमेवरील भूकंपासारखा नाही. मेन हिमालयन थ्रस्टवर अडकून साठणाऱ्या अंतराचा दरवर्षी दोन सेंटिमीटर भरणा होतो. शंभर वर्षांत दोन मीटर. किल्लारीच्या परिसरात असा भरणा जवळजवळ नाही. तेथे आहे तो दाब. उत्तरेला अडलेला भूपट्ट आतून साधारण उत्तर–दक्षिण दिशेने दाबलेल्या अवस्थेत आहे आणि खडकात पुरातन काळापासून असलेली एखादी कमकुवत जागा कधीतरी त्या दाबाखाली सरकते. किल्लारीचा भ्रंशही थ्रस्टच्याच जातीचा होता, पण अत्यंत उथळ, म्हणूनच ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने दगड-मातीच्या घरांचा इतका संहार केला. अशा जागी पुढचा भूकंप हजारो वर्षे न होणेही शक्य असते.

कोयनेत ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात भ्रंशाच्या दोन्ही बाजू मुख्यतः आडव्या सरकल्या. तेथे जलाशयाच्या पाण्याचा वाटा आहे, कारण जलाशय भरण्याच्या आणि उतरण्याच्या ऋतूंशी तेथील भूकंप जुळतात. भूपट्टातील दाबाने आधीच कडेलोटावर आलेल्या भ्रंशाला पाण्याने शेवटचा रेटा दिला. त्या प्रदेशात सुमारे तीन किलोमीटर खोल वेधनछिद्र घेण्यात आले आणि कराडला त्यासाठी स्वतंत्र संशोधन केंद्र उभे राहिले, ही महाराष्ट्रासाठी मोलाची गोष्ट आहे. कोयनेवर वेगळा धागा निघाला तर मी त्यात आनंदाने लिहीन.

उत्तरायण

नोकरीनिमित्त गेली बारा वर्षे डेहराडूनमध्ये आहे, त्यामुळे 'लोक सीमेच्या वर राहतात' हे वाक्य माझ्याविषयीचे आहे. २०१५ च्या नेपाळच्या भूकंपाने साठलेला ताण मोकळा झाला, आता बराच काळ काळजी नाही, असे आमच्या कार्यालयात सर्रास म्हणतात. हे कितपत खरे? आणि जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठ खचले, ते याच हालचालीमुळे का?

शिलालेख

जोशीमठचे आधी सांगतो, कारण तेथे गैरसमज फार आहे. गाव एमसीटीच्या पट्ट्याजवळ असले, तरी ते खचले ते भूपट्ट सरकल्याने नव्हे. गाव जुन्या दरडीच्या राडारोड्यावर वसले आहे, हे मिश्रा समितीने १९७६ मध्येच लिहून ठेवले होते आणि तेथे मोठी बांधकामे करू नयेत असे सुचवले होते. भ्रंशाने खडक खिळखिळा केला हे खरे. पण दोष भूपट्टावर ढकलला की मुरणारे सांडपाणी, कापलेले उतार आणि न ऐकलेला इशारा हे सगळे नजरेआड होते आणि ते मला मान्य नाही.

आता २०१५. २५ एप्रिलला गोरखा जिल्ह्यात बारपाकजवळ ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. मेन हिमालयन थ्रस्ट सुमारे १५ किलोमीटर खोलीवर सुटला आणि फाटत फाटत पूर्वेकडे जवळपास दीडशे किलोमीटर गेला. काठमांडूचे खोरे दीड मीटरहून अधिक दक्षिणेला सरकले आणि सुमारे एक मीटर वर उचलले गेले, तर त्याच्या उत्तरेचा उंच हिमालय काही ठिकाणी अर्ध्या मीटरच्या आसपास खाली बसला. एकाच पर्वताचा पुढचा भाग उचलला जातो आणि मागचा बसतो, हे दोन भूकंपांच्या मधल्या काळात जे हळूहळू घडत असते त्याच्या नेमके उलट आहे; वाकवून धरलेली वेताची काठी सुटावी तसे. पण महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ही फाट काठमांडूच्या परिसराखालीच थांबली. तेथून फ्रंटल थ्रस्टपर्यंतचा, म्हणजे मैदानाच्या बाजूचा कित्येक किलोमीटरचा पृष्ठभाग सुटलाच नाही. जमिनीवर मुख्य भ्रंशाची फाट कोठेही उमटली नाही. त्यामुळे तेथील ताण पूर्ण मोकळा झाला असे नेपाळपुरतेही म्हणता येत नाही.

डेहराडूनचा तर त्या फाटीशी संबंधच नाही. ती आपल्यापासून कित्येक शे किलोमीटर पूर्वेला होती. १९०५ चा कांगडा आणि १९३४ चा बिहार–नेपाळ या दोन मोठ्या भूकंपांच्या मधल्या हिमालयात, ज्यात गढवाल आणि कुमाऊँ येतात, गेल्या शतकात १९९१ चा उत्तरकाशी आणि १९९९ चा चमोली असे भूकंप झाले, परंतु ते सातच्या आतले होते. साठलेल्या अंतराच्या हिशेबात सातच्या आतला भूकंप फार थोडे फेडतो, कारण तीव्रतेचा एक अंक वाढला की सुटणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पटींनी वाढते.

उत्तरायण

मग मोठा भूकंप पायथ्यापर्यंत फाटतो याचा प्रत्यक्ष पुरावा आहे का, की तो केवळ हिशेब आहे?

शिलालेख

पुरावा आहे आणि तो कुदळीने मिळवलेला आहे. १९३४ च्या भूकंपाची फाट जमिनीवर आली नव्हती असे जवळपास ऐंशी वर्षे मानले जात होते. नेपाळमध्ये पूर्वेकडील शिवालिकच्या पायथ्याशी, एका ओढ्याच्या काठावर, जमिनीत लहानशी पायरी दिसत होती. तिच्यावर आडवा चर खणला गेला. चराच्या भिंतीत ओढ्याचे गोटे आणि गाळ यांचे थर तुटून एकमेकांवर चढलेले दिसले. न तुटलेल्या आणि तुटलेल्या थरांतील कोळशाच्या तुकड्यांचे वय काढले गेले आणि २०१३ मध्ये सोम सापकोटा आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ती शेवटची तूट १९३४ ची आहे आणि त्याच जागी त्याआधीची एक तूट १२५५ सालच्या भूकंपाची आहे. त्या १२५५ च्या भूकंपात नेपाळचा राजा अभय मल्ल मृत्यू पावल्याची नोंद वंशावळींमध्ये आहे.

आपल्याकडे मोहंडच्या बाजूने आणि रामनगरच्या आसपासही असे चर खणले गेले आहेत. सुट्टीच्या दिवशी डाट कालीच्या मंदिरापलीकडे मोहंडकडे उतरताना रस्त्याच्या कडेला थांबलात, तर उत्तरेकडे कललेले वालुकाश्माचे थर दिसतील. मैदानाला लागण्यापूर्वी टेकडीच्या पायथ्याशी ओढ्यांच्या काठांवर सपाट मातीचे माळ दिसतील, जे आजच्या पात्रापेक्षा बरेच उंच आहेत. ते माळ नदीने तेथे वर नेऊन ठेवलेले नाहीत.